छत्रीच्या खालची बाजू

झड तीन-चार दिवस लागून राहते आणि मग एखाद्या सकाळी उघडते. रोवणी झालेल्या बांध्यांत पाणी तुडुंब असतं, धुऱ्यांवर पाय ठरत नाही, आणि रानातून अशी उकाड येते की अंगावर कापड नको वाटावं. गोंदिया जिल्ह्यात देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावकडच्या रस्त्यांवर अशा सकाळी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतात. टोपलीवर पळसाची पानं झाकलेली, पानांवर शिंपडलेलं पाणी. पान बाजूला केलं की खाली सात्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या खाण्याच्या छत्र्या, अळंबी.

मोटारसायकल थांबते. कुठच्या, एवढंच विचारलं जातं. “वारुळाच्या आहेत जी, आजच्याच.” घासाघीस फार होत नाही. श्रावणात कितीतरी घरांत मटण बंद होतं आणि तेव्हा सात्यांचा भाव मटणाला जाऊन भिडतो. नवखं गिऱ्हाईक छत्र्या वरून बघतं आणि पिशवी पुढे करतं. जाणतं गिऱ्हाईक एक उचलून उलटी करतं, खालचे पापुद्रे बघतं, देठ टोकापर्यंत चाचपतं आणि मगच वाटा बांधायला सांगतं. रानातल्या छत्र्यांची खरी ओळख सुरू होते ती या उलट्या बाजूपासून. वरची बाजू फसवी असते. पावसाने रंग धुपतो, उन्हाने फिका पडतो, गोगलगाय कड कुरतडून जाते. खालचे कल्ले मात्र बराच वेळ आपल्या वळणावर राहतात.

कल्ले म्हणजे छत्रीच्या खाली देठापासून कडेपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे लागलेले पातळ पडदे. बीजाणू तयार होतात ते यांच्या अंगावर. ते दाट आहेत की विरळ, देठाला चिकटलेत की देठाच्या अलीकडेच थांबलेत, की देठावरून खाली उतरलेत, हे बघायला भिंग लागत नाही. बाजारात पाकिटातून मिळणारी धिंगरी उलटी करून पाहिली तरी कळतं. तिचे कल्ले देठावर खोल उतरत जातात. बटण मशरूमच्या पोटाखालचा पांढरा पडदा नखाने फाडला, तर आत गुलाबी कल्ले दिसतात. तीच छत्री दोन दिवस उघडी राहिली तर ते चॉकलेटी होतात. सात्यांचे कल्ले दाट, पातळ, पांढरे असतात, देठापर्यंत येता येता थांबतात, आणि वयाबरोबर त्यांच्यावर फिकट गुलाबी झाक चढते.

एका सातीपाशी जरा थांबावं. छत्रीच्या मधोमध एक टोक असतं, बाकीच्या छत्रीपेक्षा गडद आणि बोटाला टणक लागणारं. वारुळाची घट्ट माती फोडून वर यायचं ते याच टोकाने. टोकापासून कडेकडे रंग उतरत जातो, राखाडी-तपकिरीपासून मळकट पांढऱ्यापर्यंत, आणि छत्री पूर्ण उघडली की कडेला उभ्या चिरा पडतात. देठ पांढरा, भरीव, रेषारेषांचा. मोडला तर धागे निघतात. जमिनीच्या पातळीशी तो संपला असं वाटतं, पण संपत नाही. खाली निमुळती होत जाणारी मुळी सुरू होते, मातीने काळसर झालेली, कधी वीतभर, कधी हातभर. उपटणाऱ्याच्या हाती नुसती छत्री येते. काठीने माती उकरत जाणाऱ्याला ही मुळी पुरी मिळते, आणि सात्यांची सगळ्यात भरवशाची खूण तीच आहे. कारण मुळी जिथे संपते तिथे, वारुळाच्या पोटात, उधळीची, म्हणजे वाळवीची, शेती असते.

या शेतीची हकिगत कितीही वेळा ऐकली तरी नवलाची वाटते. उधळीच्या काही जाती वाळलेली पानं, काटक्या, गवत खातात, पण ते त्यांना नीट पचत नाही. अर्धवट पचलेल्या विष्ठेचे त्या मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र गड्डे रचतात आणि त्यांवर बुरशी वाढवतात. बुरशी लाकडातला चिवट भाग फोडते, आणि तिने धरलेले पांढरे बारीक दाणे उधळी खाते. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने आफ्रिकेत ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. पावसाळ्यात याच बुरशीला वर येऊन छत्री उघडावीशी वाटते, ती सातीची. फ्रान्सच्या रोजे एम यांनी १९४२ साली या गणाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. झांबियातली त्याची एक जात मीटरभर रुंद छत्री धरते. इकडे झाडीपट्टीत मिळते तिची छत्री तळहाताएवढी. आणखी एका जातीची तर नखाएवढीच. ही बारकी जात वारुळाजवळच्या मातीवर शेकड्यांनी एकदम उगवते, पांढरं अंथरूण घातल्यागत, आणि तिला ती लांब मुळी नसते. म्हणजे ज्या खुणेवर सगळ्यात जास्त विसंबावं, ती सख्ख्या बहिणीकडेही असेलच असं नाही.

उधळीला जमलेली ही शेती माणसाला अजून बाजारापुरतीही जमलेली नाही. धिंगरी घराच्या कोपऱ्यात पिशवीत पिकते, बटण थंड खोलीत पिकतं. सात्या मात्र रानातूनच याव्या लागतात. टोपलीतली प्रत्येक छत्री कोणीतरी पहाटे उठून, साप-विंचवाचा विचार करत, ओल्या गवतातून चालत जाऊन आणलेली असते. त्या बायकांना वारुळं पाठ असतात. मोहाखालचं, नाल्याच्या वळणावरचं, पडक्या बांधाजवळचं, असा त्यांचा नकाशा असतो आणि तो त्या सहसा दुसऱ्याला सांगत नाहीत. वारूळ फोडायचं नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. गड्डा मोडला तर पुढच्या वर्षी तिथे काही निघणार नाही. नागपंचमीला ज्या वारुळाला दूध-लाह्या वाहतात, त्याच दिवसांत सात्या निघतात. श्रद्धेने राखलेलं वारूळ जेवणाचंही ठिकाण असावं, यात झाडीपट्टीच्या जगण्याची एक रीत दिसते.

वीज कडाडली की सात्या निघतात, असंही इथे म्हणतात. हसण्यावारी नेऊ नये असं हे म्हणणं आहे. जपानच्या इवाते विद्यापीठात संशोधकांनी मशरूमच्या ओंडक्यांना विजेचे जोरदार झटके देऊन पाहिले, तेव्हा उत्पादन लक्षणीय वाढलं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, पण रान आणि धान दोन्हीकडे एकच. तळ्यांचा, धानाच्या बांध्यांचा, बांबूचा आणि सागाचा हा मुलूख. म्हणून इथे छत्र्या शोधणाऱ्याला सुश्रुतसंहितेतली एक जुनी विभागणी आठवावी. त्या ग्रंथाच्या सूत्रस्थानात छत्र्यांची वाटणी रंगावरून नाही, उगवण्याच्या जागेवरून केली आहे: पेंढ्यावरची, उसाच्या चोथ्यावरची, शेणातली, बांबूतली आणि जमिनीतली. आजचं कुठलंही चांगलं ओळखपुस्तक पहिला प्रश्न हाच विचारतं. कशावर उगवली होती? लाकडावर, मातीत, शेणावर, तणसावर, की झाडाच्या मुळांशी? खुडून घरी आणलेल्या छत्रीला हा प्रश्न विचारता येत नाही. तिची निम्मी ओळख रानातच राहिलेली असते.

त्यातल्या तणसाकडे, म्हणजे धानाच्या पेंढ्याकडे, गोंदियात जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तणस इथे घरोघरी. खळ्यामागे भिजून काळ्या पडलेल्या ढिगावर पावसाळ्यात राखाडी अंडी दिसतात, कबुतराच्या अंड्याएवढी. अंडं वरून फाटतं, छत्री बाहेर येते, आणि फाटलेलं कवच देठाच्या बुडाशी वाटीसारखं राहून जातं. कल्ले आधी पांढरे, मग गुलाबी. देठावर कडं नसतं. ही धानाच्या पेंढ्यावरची छत्री. चीनपासून इंडोनेशियापर्यंत तिची लागवड होते आणि लोक आवडीने खातात.

आता दुसरी एक छत्री शेजारी ठेवून बघावी. तीही अंड्यातून निघते. तिच्याही बुडाशी वाटी असते. पण देठावर वरच्या बाजूला पातळ पडद्याचं कडं लोंबतं, कल्ले पांढरे असतात आणि पांढरेच राहतात, आणि ती तणसावर नाही, तर विशिष्ट झाडांच्या मुळांशी नातं जोडून मातीतून उगवते. हा अमानिटा. या गणातली मृत्युटोपी, अमानिटा फॅलॉइड्स, आणि तिच्या काही पांढऱ्या बहिणी जगात छत्र्यांनी होणाऱ्या बहुतेक मृत्यूंना कारण होतात. कॅलिफोर्नियात ही जात युरोपातून आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर पोहोचली. आग्नेय आशियातून तिकडे गेलेल्या कुटुंबांनी तिला आपल्या गावची पेंढ्यावरची छत्री समजून शिजवलं आणि माणसं दगावली. ते लोक अडाणी नव्हते. आपल्या मातीत त्यांची ओळख अचूक होती; फक्त त्यांच्या मातीत ही दुसरी नव्हती.

ओळखीची ही बाजू सहसा कोणी बोलत नाही. झाडीतल्या म्हाताऱ्या बाईचं ज्ञान खोल असतं, पण ते या रानाचं असतं. गोंदियाचं रान बहुतांशी सागाचं, ऐन-मोह-तेंदूचं आणि बांबूचं. साग अमानिटासारख्यांशी मुळांचं नातं जोडत नाही. पूर्वेला छत्तीसगडात, उत्तरेला बालाघाट-मंडल्याकडे सालाची रानं लागतात. साल मात्र असं नातं जोडतो, आणि त्याच्या सावलीत छत्र्यांचं सगळं कुटुंबच बदलतं. निलगिरीची लागवडही असं नातं जोडणारीच. एका रानात बरोबर ठरलेली खूण शंभर किलोमीटरवर खोटी ठरू शकते. आसामच्या चहामळ्यांच्या भागात एप्रिल २०२२ मध्ये रानातल्या छत्र्या खाऊन तेरा जण गेले. पिढ्यान्‌पिढ्या छत्र्या वेचणारी, गरीब कष्टकरी माणसं होती ती.

कड्याचंही तसंच. देठावर कडं म्हणजे विषारी, असं सरसकट सांगणारे भेटतात. दक्षिण भारतातून १९७९ साली वर्णन झालेल्या सात्यांच्याच एका जातीला, टर्मिटोमायसिस हायमीला, देठावर चांगलं ठसठशीत कडं असतं, आणि ती आनंदाने खाल्ली जाते. उलट कडं गळून पडलेली विषारी छत्री अगदी निरागस दिसते. वाटी मातीत राहून गेली तर अमानिटाची अर्धी साक्षच नाहीशी होते. म्हणून चाकूने देठ कापून आणलेल्या अनोळखी छत्रीबद्दल जाणकार मत देत नाहीत.

खूण एकटी नसावी, खुणांचा मेळ असावा. त्या मेळात एक खूण अशी आहे जी रानात दिसत नाही आणि घरी येऊन रात्रभर थांबावं लागतं: बीजाणूंचा ठसा. उमललेल्या छत्रीचा देठ कापायचा, छत्री कल्ले खाली करून कागदावर ठेवायची, कागद अर्धा पांढरा आणि अर्धा काळा, आणि वर वाटी पालथी घालायची. सकाळी वाटी उचलून छत्री हळूच काढली की कागदावर कल्ल्यांची हुबेहूब नक्षी उमटलेली असते. हजारो सूक्ष्म बीजाणू एकेका रेषेत पडलेले. बोट लावलं तर पुसलं जातं. त्या ठशाचा रंग छत्रीच्या रंगावरून सांगता येत नाही. पांढऱ्या छत्रीचा ठसा काळा निघू शकतो, तपकिरीचा पांढरा. सात्यांचा गुलाबीसर निघतो, तणसावरच्या छत्रीचाही गुलाबीच, अमानिटाचा पांढरा. काळ्या अर्ध्या भागावर तो पांढरा ठसा दिसावा, यासाठीच तर दोन रंगांचा कागद.

स्वीडनच्या एलिआस फ्रीस यांनी १८२१ पासून छत्र्यांची वर्गवारी बसवली ती या बीजाणूंच्या रंगावर. पुढे सूक्ष्मदर्शक आले, मग डीएनए आला, आणि कळलं की सारख्या रंगाचे सगळे नातेवाईक नसतात. फ्रीसची कुळं मोडली, नव्याने बांधली गेली. तरी रानातून आलेल्या माणसाच्या हाती आजही पहिलं साधन कागद आणि वाटीच आहे. दोनशे वर्षांनंतरही कामाला येणारी रीत जपण्यासारखी असते. शाळेतल्या मुलांकडून जून-जुलैत असे ठसे काढून घ्यावेत. त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त खाऊ नका असं बजावावं लागतं.

या ठशाची सगळ्यात मोठी गरज रानात नाही, गावात आहे. पहिल्या पावसानंतर मैदानांवर, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या हिरवळीवर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या गोल रिंगण धरून उगवतात. वर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं, कल्ले पांढरे. दिसायला इतक्या देखण्या की उचलाव्याशा वाटतात. जून झाल्यावर मात्र कल्ल्यांवर मळकट हिरवी छटा येते, आणि ठसा काढला तर तो हिरवा पडतो. असा हिरवा ठसा देणाऱ्या छत्र्या जगात फार थोड्या. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ती सहसा जीव घेत नाही, पण खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. कोवळ्या छत्रीत हिरवेपणा दिसत नाही, म्हणूनच ती इतक्या लोकांना फसवते.

शेणखताच्या उकिरड्यावर सकाळी उगवून दुपारपर्यंत शाईत विरघळणाऱ्या छत्र्याही याच दिवसांतल्या. त्यांचे कल्ले कडेकडून काळे होत ठिबकू लागतात. बीजाणू पसरवण्याची ती त्यांची तऱ्हा. त्यांच्या गोतातल्या एका जातीत असं द्रव्य आहे की नुसती खाल्ली तर काही होत नाही, पण दोन दिवसांनी दारू घेतली तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. मोहाची दारू घरात असणाऱ्या मुलखाला हे माहीत असलेलं बरं.

आणि मग ते सोपे उपाय, पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी चालत आलेले. भाजीत चांदीचा रुपया टाकायचा, काळा पडला तर विष. लसूण निळा पडला तर विष. किड्यांनी खाल्लेली चालते. मीठ-हळदीच्या पाण्यात उकळून पाणी फेकलं की झालं. यातलं एकही खरं नाही. मृत्युटोपीने चांदी काळी पडत नाही, गोगलगायी ती मजेत खातात, आणि तिचं विष उकळून, वाळवून, तळूनही जात नाही. चवीलाही ती कडू नसते. वाचलेल्या लोकांनी ती चविष्ट होती असंच सांगितलेलं आहे. टोपलीवाली बाई यातला एकही उपाय करत नाही, हे लक्षात घ्यावं. ती अनोळखी छत्री टोपलीत टाकतच नाही. रानात शंभर तऱ्हा उगवतात, ती त्यातल्या मोजक्या घेते आणि बाकीच्यांना कुत्र्याची छत्री म्हणून पुढे जाते. आपल्याला काय माहीत नाही याची तिला पक्की जाण आहे, आणि तिच्या ज्ञानाचा मोठा भाग हाच आहे.

हे ज्ञान फारसं लिहिलं गेलेलं नाही. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या मुक्कामात इथल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची, जनावरांची नावं ऐकली आणि ती मराठीत आणली. छत्र्यांच्या वाट्याला तसा कान अजून आलेला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे टेकोडे, कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, आणि एकेका नावाखाली वारुळाच्या, तणसाच्या, बांबूच्या असे पोटभेद. कोणती कोणत्या नक्षत्रात निघते, कोणती आधी उकळावी लागते, कोणत्या बाळंतिणीला द्यायच्या नाहीत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांची वयं आता साठीपुढची आहेत. त्यांच्या मुली पुण्या-नागपुरात आहेत. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी पुढच्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना या बायकांबरोबर रानात पाठवावं. छत्री मुळीसकट उकरावी, फोटो खालच्या बाजूनेही काढावा, ठसा घ्यावा, आणि सांगणाऱ्या बाईचं नाव तिच्या संमतीने नोंदीत लिहावं.

वाचणाऱ्याला एवढंच सांगणं: ओळख पटलेली नसेल तर रानातली छत्री खाऊ नये, आणि फोटो पाठवून विचारलेल्या उत्तरावर तर मुळीच नाही. चुकून खाल्लीच, आणि सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ते साधं पोट बिघडणं समजू नये. मृत्युटोपीच्या विषात दुसऱ्या दिवशी माणसाला बरं वाटतं, घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. बरं वाटलं तरी मोठ्या दवाखान्यात न्यावं, ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्यावं, आणि उरलेली छत्री, शिजलेली असो वा कच्ची, कागदात गुंडाळून बरोबर न्यावी.